कसबा, कॅसेट आणि बॉम्ब : एका इंग्रजी गाण्याची गोष्ट

पुण्यात कसबा पेठ आहे, कोल्हापुरात कसबा बावडा आहे आणि आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कसबा संगमेश्वर. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो बाहेरून आला असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. मूळ अरबी शब्द. फारसीतून दक्षिणेत आला आणि परगण्याच्या मुख्य गावाला आपण कसबा म्हणू लागलो. हाच शब्द उत्तर आफ्रिकेत राहिला तो वेगळ्या अर्थाने. तिथे किल्ला, तटबंदी किंवा तटाच्या आतली जुनी वस्ती म्हणजे कसबा. फ्रेंचांनी तो उचलला, त्याचे 'काझबा' केले, आणि फ्रेंचांकडून तो इंग्रजांकडे गेला.

1982 साली लंडनच्या 'द क्लॅश' या रॉक बँडने 'रॉक द काझबा' नावाचे गाणे काढले. त्या बँडला अमेरिकेत सर्वांत मोठे यश याच गाण्याने दिले. ते तिथल्या बिलबोर्डच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोचले. या गाण्याशी माझी गाठ पडली 1991 च्या जानेवारीत, आणि ती फार वाईट रीतीने पडली.

माझे मामू कुवेतला इलेक्ट्रिशियन होते. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तिथे अडकलेल्या दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणले गेले, त्यांत मामूही होते. बगदादमार्गे अम्मान, तिथे काही दिवस तंबूत, मग मुंबई. चौदा वर्षांच्या कमाईतून त्यांच्या हाती एक बॅग उरली होती. त्या बॅगेत कपड्यांच्या घडीत दोन-तीन कॅसेट होत्या. एक मेहदी हसन यांची, एक उम्म कुलसुमची आणि एक त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या फलस्तिनी मित्राने भरून दिलेली इंग्रजी गाण्यांची. मी तेव्हा पुण्यात शिकत होतो. इंग्रजी गाण्यांची कॅसेट मामूंनी मला देऊन टाकली.

17 जानेवारीला अमेरिकेने बगदादवर बॉम्बहल्ले सुरू केले. होस्टेलवर सगळे रेडिओला कान लावून बसलेले. त्या रात्री एका मुलाने माझीच कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली, हे गाणे लावले आणि आवाज वाढवला. 'तुमच्या कसब्यावर आता बॉम्ब पडतोय बघ,' असे तो मला म्हणाला. बाकीचे हसले. मीही हसलो, कारण न हसण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. तेव्हा मला वाटले होते की हे गाणे मुसलमानांची टिंगल करणारे आहे आणि ते लिहिणारा माणूस आपला शत्रू आहे.

त्यानंतर बरीच वर्षे मी ते गाणे ऐकले नाही. पुढे वाचत गेलो तेव्हा कळले की माझा समज अर्धाच बरोबर होता. हा लेख त्या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे.

अंकाऱ्यात जन्मलेला गोरा

गाण्याचे शब्द लिहिले जो स्ट्रमरने. त्याचे खरे नाव जॉन ग्रॅहम मेलर. जन्म 21 ऑगस्ट 1952, तुर्कस्तानची राजधानी अंकारा. वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात नोकरीला होते आणि त्यांचा जन्म आपल्या लखनऊचा. वडिलांच्या बदल्यांमुळे जोचे बालपण कैरो, मेक्सिको सिटी आणि बॉन अशा शहरांत गेले. म्हणजे अजान, बाजार, मिनार या गोष्टी त्याने फक्त सिनेमात पाहिलेल्या नव्हत्या.

1976 साली लंडनमध्ये 'द क्लॅश' उभा राहिला. जो स्ट्रमर, मिक जोन्स, पॉल सिमनन आणि थोड्या काळाने आलेला ड्रमवादक टॉपर हेडन हे त्यातले मुख्य लोक. इंग्लंडमध्ये तो काळ बेकारीचा होता आणि 'नॅशनल फ्रंट' या वंशद्वेषी पक्षाच्या चढतीचा होता. लंडनच्या पूर्व भागात बंगाली मुसलमानांवर रस्त्यात हल्ले होत. या वातावरणात 30 एप्रिल 1978 रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये वंशद्वेषाविरुद्ध मोठा मेळावा झाला. हजारो तरुण मोर्च्याने चालत तिथे गेले. त्या मंचावर द क्लॅश गायला होता. पुढे चारच दिवसांनी, 4 मे रोजी, त्याच पूर्व लंडनमध्ये अल्ताब अली या कपडे शिवणाऱ्या बंगाली कामगाराचा खून झाला. आज तिथल्या एका बागेला त्याचे नाव आहे.

हे मुद्दाम सांगतो आहे. ज्या बँडला मी होस्टेलवर शत्रू समजलो होतो, तो रस्त्यावरच्या लढाईत आपल्या लोकांच्या बाजूने उभा राहिलेला बँड होता.

एक चाल, एक तक्रार

गाणे तयार झाले न्यूयॉर्कच्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत. 'कॉम्बॅट रॉक' या अल्बमचे काम तिथे चालू होते. एके दिवशी टॉपर हेडन सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचला. बाकीचे येईपर्यंत बसून काय करायचे, म्हणून डोक्यात घोळत असलेली चाल त्याने ध्वनिमुद्रित करायला घेतली. आधी ड्रम वाजवले, त्यावर पियानो, त्यावर बास गिटार. एकट्यानेच. बाकीचे येईपर्यंत गाण्याचा सांगाडा तयार होता. टॉपरने आपल्या मैत्रिणीला उद्देशून काही ओळीही लिहिल्या होत्या. स्ट्रमरने त्या वाचल्या आणि बाजूला ठेवल्या. चाल मात्र त्याला आवडली.

मग शब्द कुठून आले? इथे आपल्याकडचा एक धागा आहे. बँडचा मॅनेजर बर्नी ऱ्होड्स या लोकांच्या लांबलचक गाण्यांना कंटाळला होता. प्रत्येक गाणे रागासारखे लांब असलेच पाहिजे का, अशा अर्थाची तक्रार त्याने केली. 'राग' हा शब्द स्ट्रमरच्या डोक्यात बसला. परत जाऊन त्याने टाइपरायटरवर त्याच तक्रारीवरून गाण्याची सुरुवात केली. त्याच सुमारास कुणीतरी त्याला सांगितले होते की इराणमध्ये डिस्कोची तबकडी जवळ सापडली तर फटके मारतात. मॅनेजरची तक्रार आणि इराणची ही बातमी त्याच्या मनात एकत्र आल्या. इकडे मॅनेजर म्हणतो असे वाजवू नका, तिकडे सत्ताधीश म्हणतो वाजवूच नका. त्यातून गाण्याची गोष्ट जन्मली.

गोष्ट सोपी आहे. एका वाळवंटी मुलखाचा राजा संगीतावर बंदी घालतो. लोक जुमानत नाहीत, वाजवत राहतात, नाचत राहतात. चिडलेला राजा लढाऊ विमाने पाठवून आपल्याच लोकांवर बॉम्ब टाकायचा हुकूम देतो. पण वैमानिक हुकूम मोडतात आणि विमानातल्या रेडिओवर गाणी लावतात. या गाण्यात बॉम्ब पडतच नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे तिचा संबंध येणार आहे.

ज्याने चाल बांधली त्या टॉपरला या यशाचा आनंद मिळाला नाही. हेरॉइनच्या व्यसनामुळे मे 1982 मध्ये, अल्बम बाजारात येण्याच्या सुमारासच, त्याला बँडमधून काढून टाकले गेले. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात डॉन लेट्स या दिग्दर्शकाने गाण्याचे चित्रीकरण केले, तेव्हा टॉपरच्या जागी टेरी चाइम्स ड्रमवर बसला होता. त्या चित्रीकरणात एक अरब आणि एक कर्मठ यहुदी एकत्र प्रवास करतात आणि शेवटी गाण्याच्या कार्यक्रमाला पोचतात. मागे तेलाच्या विहिरीचा पंप हलत असतो.

बंदी कशी आली, कशी राहिली

स्ट्रमरने ऐकलेल्या बातमीमागे खरा इतिहास होता. फेब्रुवारी 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. त्या वर्षीच्या जुलैत आयातुल्ला खोमेनी यांनी रेडिओ आणि टेलिव्हिजनवरचे संगीत बंद करायला सांगितले. तरुणांवर संगीताचा परिणाम अफूसारखा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रियांनी पुरुषांसमोर एकटीने गाणे बंद झाले. गुगूश ही त्या काळची इराणमधली सर्वांत लोकप्रिय गायिका. ती देशातच राहिली आणि दोन दशके गप्प राहिली. 2000 साली देश सोडल्यावरच ती पुन्हा मंचावर उभी राहिली. इतर अनेक गायक लॉस एंजलिसला गेले आणि तिथून त्यांच्या कॅसेट चोरवाटेने तेहरानमध्ये येत राहिल्या.

पण बंदीचा इतिहास सरळ रेषेत चालत नाही. 1980 मध्ये इराकशी युद्ध सुरू झाले आणि त्याच सरकारी रेडिओला रणगीतांची गरज पडली. ढोल वाजले, कोरस गायले गेले. म्हणजे संगीत नको होते असे नव्हते, लोकांचे स्वतःचे संगीत नको होते. 1980 च्या दशकाच्या अखेरीस खोमेनी यांनीच, योग्य कामासाठी असेल तर वाद्यांची खरेदी-विक्री चालेल, असा निर्णय दिला.

मोहम्मद रझा शजरियान यांचे उदाहरण यापेक्षाही बोलके आहे. इराणी शास्त्रीय गायनातला हा फार मोठा माणूस. शहाच्या सैन्याने सप्टेंबर 1978 मध्ये तेहरानच्या चौकात निदर्शकांवर गोळीबार केला, तेव्हा त्यांनी सरकारी रेडिओ सोडला. क्रांतीनंतर त्यांच्या आवाजातली 'रब्बना' ही कुरआनमधल्या दुआंची मुद्रिका रमझानमध्ये इफ्तारच्या वेळी रेडिओवर लागू लागली. इराणच्या एका सबंध पिढीने त्या आवाजावर रोजा सोडला आहे. 2009 मध्ये निवडणुकीनंतर लोक रस्त्यावर आले आणि शजरियान त्यांच्या बाजूने बोलले. मग तीच दुआ सरकारी प्रक्षेपणातून गायब झाली. दुआ तीच होती, गळा तोच होता. हराम झाले होते ते त्यांचे मत.

आमच्यातला जुना वाद

इथे कुणी वाचक म्हणेल, पण इस्लाममध्ये संगीत हराम नाही का? यावर आमच्यात हजार वर्षांहून अधिक काळ वाद आहे, आणि तो वाद आहे हेच सांगणे महत्त्वाचे आहे. वाद्यांना वाईट ठरवणारी हदीस बुखारींच्या संग्रहात आहे. त्याच संग्रहात ईदच्या दिवसाची हदीसही आहे. हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बकर रागावले. तेव्हा पैगंबर साहेबांनी त्यांना थांबवले आणि प्रत्येक समाजाची ईद असते, ही आपली ईद आहे, असे सांगितले. स्पेनमधल्या इब्न हज्म यांनी बंदीच्या बाजूचे पुरावे कमकुवत ठरवले. इमाम गझालींनी आपल्या मोठ्या ग्रंथात संगीत ऐकण्यावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले आणि कुठे चालते, कुठे नाही, याची बारकाईने मांडणी केली. म्हणजे ज्याला संगीत नको त्याच्याकडे आधार आहेत आणि ज्याला हवे त्याच्याकडेही आहेत. प्रश्न सुरू होतो तो सत्ता हातात घेऊन यातले एकच मत दुसऱ्यावर लादले जाते तेव्हा.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की औरंगजेबाची गोष्ट सांगितली जाते. त्याने संगीतावर बंदी घातली, गवयांनी संगीताची तिरडी काढली आणि बादशहा म्हणाला, खोल पुरा म्हणजे पुन्हा वर येणार नाही. ही गोष्ट मनुचीने लिहून ठेवली. औरंगजेबाने 1660 च्या दशकाच्या अखेरीस दरबारातले गाणे बंद केले हे खरे. पण कॅथरीन स्कोफील्ड या अभ्यासिकेने दाखवून दिले आहे की सबंध साम्राज्यात संगीत बंद झाले असे पुरावे मिळत नाहीत. उलट त्याच्या कारकिर्दीत संगीतावरचे फारसी ग्रंथ मोठ्या संख्येने लिहिले गेले. त्याचाच सरदार फकीरुल्लाह याने 1666 मध्ये 'रागदर्पण' पुरे केले. बादशहाने स्वतःपुरते आणि दरबारापुरते संगीत सोडले होते, लोकांनी सोडले नव्हते. स्ट्रमरला ही गोष्ट ठाऊक असती तर त्याला ती आवडली असती, असे मला वाटते.

गाण्यातली चूक

माझा होस्टेलवरचा राग अर्धा बरोबर होता असे वर म्हटले. तो अर्धा असा. स्ट्रमरला बोलायचे होते इराणबद्दल, पण त्याने चित्र काढले अरबांचे. इराणी लोक अरब नाहीत आणि इराणमध्ये त्या अर्थाचा कसबा नाही. गाण्यात शरीफ आहे, शेख आहे, बेदुइन आहे, मुअज्जिन आहे, मध्येच यहुद्यांचा 'कोशर' आहे आणि वर आपला राग आहे. लखनऊपासून मोरोक्कोपर्यंत जे काही कानावर पडले ते सगळे एका टोपलीत. एडवर्ड सईद यांचे 'ओरिएंटॅलिझम' 1978 मध्ये आले होते. पूर्वेकडचे सगळे लोक एकच आणि सगळे उंटावरचे, ही युरोपची जुनी सवय त्यांनी त्यात उलगडली होती. स्ट्रमर सत्तेच्या विरोधात होता, पण ही सवय त्याच्याही अंगात होती. त्याने ते विनोदाने केले हे खरे. मात्र विनोद ऐकणाऱ्याच्या हाती गेला की तो कसा वापरला जाईल हे सांगणाऱ्याच्या हाती राहत नाही.

खऱ्या कसब्याचा इतिहास त्याच्या गाण्याहून मोठा आहे. अल्जिअर्सचा कसबा म्हणजे समुद्रावरून चढत गेलेल्या अरुंद गल्ल्या, पायऱ्या, एकमेकांना टेकलेली पांढरी घरे. 1957 मध्ये फ्रेंच पॅराशूट सैन्याने तो काटेरी तारांनी घेरला, घरोघरी झडत्या घेतल्या, माणसांना पकडून त्यांचा छळ केला. जिलो पोंतेकोर्वो यांचा 1966 चा 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स' हा सिनेमा त्याच लढ्यावर आहे आणि तो बराचसा तिथल्याच गल्ल्यांत चित्रित झाला. 1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला.

आणि याच कसब्यात संगीत होते. अल-हाज मुहम्मद अल-अंका यांचा जन्म इथला, 1907 चा. त्यांनी अंदलुसियाच्या जुन्या परंपरेतून आणि धार्मिक काव्यातून 'शाबी' नावाची गायकी घडवली. शाबी म्हणजे लोकांची. कॉफीच्या दुकानांत, लग्नांत, सुंतेच्या समारंभांत ती गायली जाई. तिच्या मैफलींत मुसलमान आणि यहुदी वादक शेजारी बसत. 1962 च्या सुमारास बहुतेक यहुदी फ्रान्सला निघून गेले आणि ती बैठक मोडली. डॉन लेट्सने टेक्सासमध्ये गंमत म्हणून जो अरब आणि यहुदी एकत्र चालवला, ते कसब्यात कित्येक वर्षे रोज घडत होते. बाहेरून कुणी येऊन कसबा हलवावा अशी त्याची स्थिती कधीच नव्हती.

बॉम्बवरची अक्षरे

आता 1991. आखाती युद्ध सुरू झाले तेव्हा अमेरिकी सैन्याच्या रेडिओने सर्वांत आधी लावलेले गाणे 'रॉक द काझबा' होते, असे सांगितले जाते. सैनिकांना ते फार आवडले. गाण्याची गोष्ट कुणी ऐकली नाही. नाव ऐकले, त्यातले विमान ऐकले आणि अरबांवर बॉम्ब टाकायचे गाणे असा त्याचा अर्थ लावला. इंग्लंडमध्ये गाणे पुन्हा विक्रीला आले आणि 1982 मध्ये जिथे ते तिसाव्या क्रमांकावर थांबले होते, तिथे आता पंधराव्यावर गेले.

मग स्ट्रमरला कळले की इराकवर टाकायच्या एका अमेरिकी बॉम्बवर कुणीतरी त्याच्या गाण्याचे नाव रंगवले आहे. त्याच्या जवळच्यांनी सांगितले आहे की हे ऐकून तो रडला. 13 फेब्रुवारीला बगदादच्या अमीरिया भागातल्या निवाऱ्यावर दोन अमेरिकी बॉम्ब पडले. रात्री झोपायला आलेल्या बायका-मुलांसह चारशेहून अधिक नागरिक जळून मेले. त्या बॉम्बांवर काय लिहिले होते याला आता अर्थ नाही.

मी जेव्हा स्ट्रमर रडल्याचे वाचले तेव्हा मला होस्टेलची ती रात्र आठवली. गाण्यातले वैमानिक हुकूम मोडतात. प्रत्यक्षातल्यांनी हुकूम पाळला आणि वर गाणेही लावले. गाण्याचा इतका उलटा वापर क्वचितच झाला असेल. त्याच सुमारास स्ट्रमरने सांगितले होते की धर्मवेडात कुठेच माणुसकी नसते, एवढेच त्याला म्हणायचे होते. पण तोवर गाणे त्याच्या हातातून गेले होते.

पुढचा प्रकार आणखी विचित्र आहे. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतल्या एका मोठ्या रेडिओ कंपनीच्या केंद्रांमध्ये, सध्या न वाजवलेली बरी अशा गाण्यांची यादी फिरली. त्यात हेही होते. दहा वर्षांपूर्वी जे गाणे युद्धाला चालत होते, ते आता अवघड झाले. 2006 मध्ये तिथल्या एका उजव्या विचारांच्या मासिकाने आपल्या आवडत्या 50 रॉक गाण्यांच्या यादीत याला जागा दिली. ज्याने आपल्या अल्बमला निकाराग्वाच्या डाव्या क्रांतिकारकांचे नाव दिले होते, त्याच माणसाचे हे गाणे. हा शेवटचा विनोद पाहायला स्ट्रमर नव्हता. 22 डिसेंबर 2002 रोजी, पन्नासाव्या वर्षी, तो गेला होता.

रशीद ताहाने गाणे परत नेले

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. अल्जीरियात ओरानजवळच्या सिग गावात 1958 साली जन्मलेला रशीद ताहा दहा वर्षांचा असताना आईबापांबरोबर फ्रान्सला गेला. तरुणपणी कारखान्यात काम केले. लिऑनमध्ये मित्रांबरोबर बँड काढला आणि त्याचे नाव ठेवले 'कार्त द सेजूर', म्हणजे परदेशी माणसाला बाळगावा लागणारा वास्तव्याचा परवाना. 1981 मध्ये द क्लॅश पॅरिसला आला असताना ताहाने त्यांच्या हातात आपल्या बँडची कॅसेट दिली. उत्तर आले नाही. पुढच्या वर्षी 'रॉक द काझबा' ऐकले तेव्हा, आपली कॅसेट त्यांनी ऐकली असावी, असे त्याला वाटले. तो हे हसत सांगायचा. खरेखोटे करायला आता दोघेही नाहीत.

2004 मध्ये ताहाने हे गाणे अल्जीरियाच्या बोली अरबीत गायले. 'रॉक अल कस्बा'. इंग्रजांच्या 'काझबा'चा पुन्हा 'कस्बा' झाला. त्याच्या गाण्यात अरबी तंतुवाद्य पुढे आहे आणि आवाज खरबरीत. शब्द जवळजवळ तेच, पण तोच विनोद आता बाहेरचा माणूस करत नाही, घरातला करतो आहे. पुढच्या वर्षी लंडनमध्ये इराक युद्धाच्या विरोधातल्या कार्यक्रमात ताहाने ते गायले तेव्हा गिटारवर द क्लॅशचाच मिक जोन्स होता. युद्धाने पळवलेले गाणे युद्धाविरुद्ध वाजले.

ताहाला हा विनोद करायचा हक्क होता, आणि तो महागडा होता. 1990 च्या दशकात त्याच्या देशात गायकांचे खून पडत होते. राई संगीतातला प्रेमगीतांचा लाडका गायक शेब हसनी याला 29 सप्टेंबर 1994 रोजी ओरानमध्ये अतिरेक्यांनी गोळ्या घातल्या. वय 26. पुढच्या वर्षी रशीद बाबा अहमद हा निर्माता मारला गेला. संगीतावरची बंदी ही स्ट्रमरसाठी वर्तमानपत्रातली गोष्ट होती. ताहासाठी ती ओळखीच्या माणसांची मयत होती. तो 2018 मध्ये गेला.

लग्नातली गाणी

एवढ्या लांबच्या गोष्टी मी का सांगतो आहे, तर गेल्या काही वर्षांत आमच्या खाडीकाठच्या गावातल्या लग्नांमध्ये बायकांची गाणी कमी होत गेली आहेत. मेंदीच्या रात्री कोकणी बोलीतली ही गाणी नानीच्या पिढीला तोंडपाठ होती. व्याह्यांना चिडवणारी, नवरीला रडवणारी, मध्येच अल्ला-रसूलची. मागच्या वर्षी माझ्या भाचीच्या मेंदीला एका नातेवाईक तरुणाने गाणी थांबवायला सांगितली. तो वाईट मुलगा नाही. नोकरी करतो, नमाजी आहे, कुणाच्या अडीअडचणीला धावतो. त्याने मोबाइलवर एक बयान ऐकले होते आणि ते त्याला पटले होते. बायका गप्प झाल्या.

मामू तिथे होते. आता त्यांचे वय ऐंशीच्या आसपास. ते त्याला म्हणाले, 'बाबा, तुला ऐकायचे नसेल तर तू बाहेर बस. मी कुवेतहून येताना सगळे टाकून आलो, पण कॅसेट टाकल्या नाहीत.' मग त्यांनीच आतल्या बायकांना सांगितले, गा.

मला हे लिहिताना दोन्ही बाजूंची भीती वाटते. लग्नातल्या गाण्यांबद्दल मी तक्रार केली की होस्टेलवरच्या त्या मुलासारखा कुणीतरी ती उचलेल आणि म्हणेल, बघा, यांच्यातलाच माणूस सांगतोय हे लोक कसे आहेत. आणि त्या भीतीने मी गप्प बसलो तर भाचीच्या मुलीच्या लग्नात गाणे माहीत असलेले कुणी उरणार नाही. स्ट्रमरचे गाणे बॉम्बवर गेले म्हणून बंदीवर बोलणे चूक ठरत नाही. आणि बंदी वाईट म्हणून बॉम्ब बरोबर ठरत नाही. या दोन गोष्टी एका दमात म्हणाव्या लागतात, आणि त्या आपणच म्हणाव्या लागतात. रशीद ताहाने तेच केले.

त्या मेंदीच्या रात्री पहिली दोन-तीन गाणी दबक्या आवाजात झाली. नंतर नानीच्या धाकट्या बहिणीने ताल धरला आणि आवाज अंगणापर्यंत आला. तो तरुण बराच वेळ अंगणात मोबाइल बघत बसला होता. जेवणाच्या वेळी आत आला आणि मामूंच्या शेजारी बसून जेवला.